काडी सादळण्याआधी: पावसाळी भटकंती आणि पुराच्या दिवसांसाठी काडेपेटीची तयारी

जुलैतली पन्हाळा ते पावनखिंड वाट. मसाई पठारावर धुकं असं, की पुढच्याची सॅक दिसेना. करपेवाडीत पोचलो तेव्हा अंगावरचा एक धागा कोरडा नव्हता. ज्या घरी मुक्काम होता तिथल्या आजींनी पडवीतली मोकळी चूल दाखवली, पाणी तापवून घ्या म्हणाल्या आणि आत गेल्या. आम्ही पाचजण, काडेपेट्या तीन. पहिली सॅकच्या वरच्या कप्प्यात होती, तिची घासायची पट्टी बोटाला चिकटून निघून आली. दुसरीतल्या काड्यांचे गुल ओढताना चुरत होते. तिसरी प्लास्टिकच्या पिशवीत असल्यामुळे कोरडी राहिली होती, पण तिच्यातल्या वीसेक काड्या आम्ही मनगटाएवढ्या ओल्या लाकडाखाली धरून धरून संपवल्या. सर्र सर्र आवाज ऐकून आजी बाहेर आल्या.

"का रं पोरानू, काड्याच वडत बसलाय व्हय? आदी जळान तरी नीट लावा की."

त्यांनी आमची लाकडं चुलीतून बाहेर काढली. कोपऱ्यातल्या पोत्यातून मूठभर भाताचं पिंजर आणि अर्धी शेणी, म्हणजे गोवरी, आणली. शेणीचे हातानं बारके तुकडे केले, पिंजराची सैल गुंडाळी केली, वर चार काटक्या तिरक्या टेकवल्या. चुलीच्या बाजूच्या कोनाड्यात पत्र्याची डबी होती, तिच्यातून पेटी काढली आणि एक काडी ओढली. एकच.

पेटी कुठं ठेवलेली होती आणि काडी ओढण्याआधी किती वेळ गेला, एवढंच त्यात बघण्यासारखं होतं. काडी जळते जेमतेम दहा-बारा सेकंद. तेवढ्यात जे पेटायचं ते पेटतं. बाकी सगळं काम त्याच्या आधीचं, काही पाच मिनिटं आधीचं, काही उन्हाळ्यातलं.

काडी अर्धी, पट्टी अर्धी

आपल्याकडच्या दुकानात मिळते ती काडी एकटी पेटत नाही. गुलात पोटॅशियम क्लोरेट, गंधक, काचेची पूड आणि हे सगळं धरून ठेवणारा सरस असतो. पेटीच्या बाजूच्या तपकिरी पट्टीवर लाल फॉस्फरस, काचपूड आणि पुन्हा सरस. गुल पट्टीवर घासला की काचपुडीमुळं घर्षण होऊन उष्णता तयार होते आणि लाल फॉस्फरसचा अगदी बारीक अंश पांढऱ्या फॉस्फरसमध्ये बदलतो. पांढरा फॉस्फरस हवेत आपसूक पेट घेतो. त्या ठिणगीनं क्लोरेट तापतं, ऑक्सिजन सोडतं, गंधक भडकतं आणि ज्योत लाकडावर उतरते. लाकडाचं पुढचं टोक मेणात बुडवलेलं असतं म्हणून ती उतरते, नाहीतर नुसता गुल फुस्स करून विझला असता.

पेटवणारी दोन द्रव्यं अशी दोन जागी ठेवण्याची युक्ती स्वीडनमधली. गुस्ताफ एरिक पाश यांनी १८४४ मध्ये तिचं पेटंट घेतलं आणि योहान एडवर्ड लुंडस्ट्रोम यांनी १८५५ च्या सुमारास ती बाजारात चालवून दाखवली. त्याआधीच्या काड्या कुठंही घासल्या तरी पेटायच्या, खिशातसुद्धा. सिनेमात बुटाच्या टाचेवर काडी ओढतात ती या जातीची. आपली काडी बुटावर, दगडावर, भिंतीवर ओढून उपयोग नाही. पट्टी गेली की पन्नास चांगल्या काड्या म्हणजे पन्नास दात कोरणी.

आणि पावसाळ्यात आधी जाते ती पट्टीच. लाल फॉस्फरस दमट हवेत हळूहळू बदलत जातो, त्याचं आम्ल तयार होतं आणि ते आम्ल हवेतलं आणखी पाणी ओढून घेतं. पट्टी काळपट, ओशट दिसायला लागते. सरस मऊ पडतो, आणि काडी घासली की पट्टीचा मसाला पेटण्याऐवजी खरवडून निघतो, खालचा पुठ्ठा दिसतो. गुलाचं तसं नाही. नुसत्या दमट हवेत तो बराच टिकाव धरतो. मात्र पाण्यात भिजला तर संपला. क्लोरेट पाण्यात विरघळतं आणि सरस फुगतो, त्यामुळं वाळवलेली काडी दिसायला धड असते पण ओढली की गुल तुटून उडतो.

म्हणून माझा आग्रह एकच: जिथं काड्या ठेवाल तिथं पट्टीचा सुटा तुकडा वेगळा ठेवा. लोक काड्यांना जपतात आणि पट्टी पुठ्ठ्याच्या भरवशावर सोडतात.

खरेदी उन्हाळ्यात

काडेपेटी पावसाळ्यात घेऊ नये. आषाढात टपरीवरच्या बरणीमागची पेटी आपल्याआधी महिनाभर ओल पीत असते. एप्रिल-मे मध्ये कोरड्या दुकानातून दहा पेट्यांचा पुडा घ्या. महाग पडेल म्हणावं तर १ डिसेंबर २०२१ पासून पेटी दोन रुपयांची झाली आहे. त्याआधी चौदा वर्षं ती एक रुपयावर अडून बसली होती. दुसरी कुठली वस्तू अशी बसलेली माझ्या तरी आठवणीत नाही. पुडा हातात आला की त्यावरचा पत्ताही वाचून बघा, बहुतेक शिवकाशी, सात्तूर किंवा कोविलपट्टीचा निघेल. पी. अय्या नाडार आणि ए. षण्मुग नाडार हे शिवकाशीचे चुलतभाऊ १९२० च्या दशकात कलकत्त्याला जाऊन हे काम शिकून आले, तिथून त्या कोरड्या मुलखात हा धंदा वाढला. मुलूख कोरडा असणं ही या धंद्याची मोठी सोय. आमच्या धो धो पावसाच्या गगनबावड्यात काडेपेटीचा कारखाना चालला नसता.

घरी आल्यावर पुड्यातली एक पेटी फोडा. पट्टीवर बोट फिरवा: खरखरीत लागली पाहिजे, बोटाला रंग लागता कामा नये. गुल सगळे सारखे आहेत का, दोन काड्या एकमेकींना चिकटल्यात का ते बघा. तीन काड्या ओढा. तीनही पहिल्या ओढीत पेटल्या तर पुडा ठेवायचा. एकीचा गुल उडाला, तर तो पुडा देवघरात आणि गॅसपाशी वापरून टाका, सॅकमध्ये नको. काडीचं लाकूडही बघा. जाड आणि सरळ रेषेची काडी वाऱ्यात तग धरते, आडव्या रेषेची काडी ओढतानाच मोडते. मेणाच्या काड्याही मिळतात. त्या जळतात छान, पण मऊ असल्यामुळं ओढताना वाकतात, थंड ओल्या बोटांनी तर फारच. घरात ठीक.

डबी

काडेपेटी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून गाठ मारणं ही सर्वांत चालती पद्धत आणि सर्वांत फसवी. पिशवीला भोक असतं, गाठीतून ओल शिरते आणि आत शिरलेली बाहेर पडत नाही. फिरकीच्या झाकणाची घट्ट डबी पाहिजे. औषधाच्या गोळ्यांची रुंद तोंडाची डबी, होमिओपॅथीच्या मोठ्या गोळ्यांची बाटली, जुन्या कॅमेऱ्याच्या रिळाची डबी कुणाकडं उरली असेल तर ती. दाबून बसणारं झाकण चालेल, पण सॅक दगडावर आपटली की ते निघतं. हे मी रांगणा किल्ल्याच्या पायऱ्यांवर शिकलो.

कुठल्याही डबीवर विश्वास ठेवण्याआधी एक परीक्षा घ्या. डबीत टिश्यू पेपरचा घट्ट बोळा घाला, झाकण लावा, डबी बादलीत बुडवून वर तांब्या ठेवा. रात्रभर राहू दे. सकाळी डबी बाहेरून पुसून उघडा. बोळ्याचा कोपरा जरी ओला लागला तरी ती डबी जिऱ्या-मोहरीला द्या.

भरायची रीत अशी. काड्या सगळ्या एका दिशेनं, गुल खाली. वर उरलेल्या जागेत कापसाचा बोळा, म्हणजे काड्या खुळखुळत नाहीत आणि गुल एकमेकांवर घासत नाहीत. हा कापूस पुढं जाळ लावायलाही येतो. दोन रिकाम्या पेट्यांच्या पट्ट्या कात्रीनं कापून घ्या. त्या मसाल्याकडची बाजू आत येईल अशा समोरासमोर न ठेवता, प्रत्येक पट्टीवर कागद लावून दुमडा आणि छोट्या चेनच्या प्लास्टिक पाकिटात घाला. ते पाकीट डबीत कापसाच्या वर. पट्टी आणि गुल सुटे एकत्र कधीच ठेवू नका, हलत्या गाडीत हिसक्यांनी काय होईल ते सांगता येत नाही. बुटाच्या खोक्यातली सिलिका जेलची छोटी पुडी असेल तर तीही टाका. तांदळाची पुडी घालायची सवय मिठाच्या डब्यासाठी ठीक आहे, तांदूळ फार ओल ओढत नाही.

डबी उघडायची ती आडोशाला आणि कोरड्या हातानं. हात कोरडा कुठून आणायचा? सॅकमध्ये एक जुना पंचा प्लास्टिकमध्ये बांधून ठेवतो मी, तो फक्त हातासाठी. मुक्कामाला लागतील तेवढ्या चार काड्या आणि एक पट्टी बाहेर काढायची आणि झाकण लगेच लावायचं. काडी पेटत नाही म्हणून डबी उघडी टाकून धडपडत बसलं की दहा मिनिटांत राहिलेल्याही सादळतात.

किती काड्या? सरावाच्या माणसाला एका जाळाला दोन पुरतात, ओल्यात पाच. तीन दिवसांच्या वाटेला मी पंचवीस नेतो: पंधरा सॅकच्या मधोमध, कपड्यांच्या गाभ्यात, आणि दहा अंगावरच्या आतल्या खिशात दुसऱ्या डबीत. सॅक ओढ्यात गेली तरी खिसा माझ्याजवळ राहतो. एक साधा लायटरही बरोबर असतो. लायटरचं चाक भिजलं तर ते फुंकून, कोरड्या कापडावर घासून पुन्हा ठिणगी देतं. भिजलेली काडी देत नाही. पण लायटरचं एक चाक, एक चकमक, एक झडप, यातलं एक बिघडलं की सगळंच बंद. काड्यांचं तसं नाही, एक वाया गेली तरी बाकीच्या हातात.

रांगण्याला जाताना गारगोटी नावाचं गाव लागतं. गारगोटी आणि चकमक घासून सावरीच्या कापसावर ठिणगी झेलणारी माणसं आपल्या पणज्यांच्या पिढीत असतील, गावाच्या नावावरून गाडीत दरवेळी हा विषय निघतो. जमेल तर शिका, पण भिजलेल्या बोटांनी जीव वाचवायचा असेल तेव्हा काडीच बरी.

मेण चढवणं

डबी चांगली असेल तर मेणाची गरज नाही. ओढे ओलांडायचे असतील, किंवा पुरासाठी काड्या वर्षभर बाजूला ठेवायच्या असतील, तर चढवा.

पातेल्यात पाणी उकळून गॅस बंद करा. मग त्यात स्टीलची छोटी वाटी ठेवून पांढरी साधी मेणबत्ती मोडून घाला. पॅराफिनचं मेण साधारण पन्नास ते पासष्ट अंशाला वितळतं, उकळत्या पाण्याची धग त्याला भरपूर होते. वाटी थेट गॅसवर ठेवू नका. मेण जास्त तापलं की त्याची वाफ पेटते, आणि पेटलेल्या मेणावर पाणी ओतलं की भडका छताला जातो. त्यातून जवळ काड्यांचा ढीग. ढीग दुसऱ्या टेबलावर, काडी एक-एक आणायची.

काडी मागच्या टोकाला धरून दोन तृतीयांश बुडवा, मनात "एक" म्हणा आणि बाहेर काढा. एक थेंब झटका. अर्धा कापलेला बटाटा पालथा ठेवून त्यात काडीचं मागचं टोक खोचा, काड्या उभ्या वाळतात आणि एकमेकींना चिकटत नाहीत. थर पातळ हवा. गुल मेणाच्या गोळ्यात लपला असेल तर ती काडी पट्टीवर नुसती सरकेल आणि पट्टीवर मेण फासून तीही बिघडवेल. वापरताना गुलाच्या एका बाजूचं मेण नखानं खरवडून टाका आणि तीच बाजू पट्टीवर लावा. मेणकट झालेली पट्टी पुसून सुधारत नाही, तिथं तो सुटा तुकडा कामी येतो. नेलपॉलिश लावतात काहीजण. चालतं, पण वास नाकात बसतो आणि ते वाळेपर्यंत आसपास ज्योत नको. मला मेणच बरं वाटतं, कारण काडीवरचं मेण जळताना ज्योतीचं आयुष्य दोन-चार सेकंदांनी वाढवतं.

ओढणं

ही गोष्ट दोन मिनिटांत कळते आणि बहुतेकांना कुणी कधी सांगितलेली नसते.

उजव्या हाताच्या अंगठ्यानं आणि मधल्या बोटानं काडी मधोमध धरा, तर्जनी गुलाच्या अगदी मागं टेकवा. तर्जनीचा आधार असल्यामुळं काडी मोडत नाही. डाव्या हातात पट्टी. सुटा तुकडा असेल तर तो काड्यांच्या डबीवर किंवा सपाट लाकडावर टेकवून धरा, हवेत धरलेला वाकतो. काडी पट्टीला साधारण तीस अंशात तिरकी ठेवा, उभी नाही. अंगापासून लांब, एका दमात, लांबलचक ओढा. गुल पेटला त्या क्षणी तर्जनी मागं घ्या, नाहीतर भाजते. बारीक बारीक टोचणारे पाच ओरखडे म्हणजे पट्टीचं वाटोळं. पट्टी थोडी मऊ पडली असेल तर दाब कमी करा आणि वेग वाढवा. दाबानं मसाला खरवडतो, वेगानं पेटतो.

पेटल्याबरोबर काडी जळणाकडं नेऊ नका. गुलाचा पहिला भडका अर्धा-एक सेकंद असतो, तो वाऱ्यात लगेच जातो. दोन्ही तळव्यांची ओंजळ करून काडीचं टोक थोडं खाली झुकवा. आग वर चढते, म्हणून खाली झुकलेल्या काडीवर ज्योत स्वतःच लाकूड शोधत मागं येते. लाकडावर ज्योत स्थिर झाली, पिवळी झाली, की मग हलवा. वाऱ्यात काडीचं टोक वाऱ्याकडं ठेवा. वारा ज्योतीला काडीच्या अंगावर ढकलतो आणि ती पेटती राहते. उलट धरलीत तर वारा ज्योत काडीपासून तोडून नेतो.

घरी अंगणात मोजून बघा: एक काडी ओढा आणि ती बोटापर्यंत येईपर्यंत सेकंद मोजा. आकडा एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला की माणूस पुढं ओल्या ओंडक्याखाली काडी धरत नाही.

काडीच्या आधी जाळ

चूल असो की तीन दगड, आधी खालची ओल तोडा. भिजल्या मातीवर पेटवलेला जाळ मातीतलं पाणी उकळण्यात संपतो. चार जाड काटक्या शेजारी शेजारी टाकून त्यांचं आसन करा किंवा सपाट दगड घ्या, पण नदीतला, ओढ्यातला ओला दगड नको, आत मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन तो फुटतो.

जळण तीन ढिगांत लावून घ्या आणि तिन्ही ढीग हाताशी आल्याशिवाय पेटीला हात लावू नका. पहिला ढीग काडीच्या ज्योतीनं पेटणारा, ओंजळभर. दुसरा काडीएवढ्या ते पेन्सिलीएवढ्या काटक्यांचा, दोन्ही हातांत मावेल इतका. तिसरा अंगठ्याच्या पुढचा. नवखा माणूस पहिला ढीग चिमूटभर आणि तिसरा गाडीभर आणतो.

पहिल्या ढिगासाठी कोल्हापूरकराला बाहेर काही शोधायला नको. गुऱ्हाळावर चुलवाणापुढं ढिगानं पडलेलं वाळकं चिपाड, म्हणजे रस काढलेला ऊस, बघा. काहिलीखाली दिवसभर तेच जळतं. चिपाडाची एक कांडी हातानं चिरडून तंतू मोकळे केले की काडीला हसत पेट घेते. उन्हाळ्यात पिशवीभर आणून पोटमाळ्यावर टाका. पाचटही पेटतं, पण ते भुर्रकन जातं, त्याच्या मागं लगेच काटक्या पाहिजेत. नारळाचा काथ्या बोटांनी पिंजून, नरोटीचे तुकडे त्याच्या वर. शेणी मात्र पेटायला उशीर लावते आणि पेटली की सोडत नाही, म्हणून ती दुसऱ्या ढिगात, बारके तुकडे करून. पंचगंगेच्या स्मशानभूमीत शेणी कशी काम करते ते इथल्या माणसाला सांगायला नको, होळीला शेणी दान देणारं गाव आहे हे.

सॅकमध्ये न्यायला कापूर. हवाबंद छोट्या डबीत, कारण तो उघडा राहिला की उडून जातो. एक वडी ओल्या पानावर ठेवली तरी जळते आणि एका काडीच्या दहा सेकंदांचं एक-दोन मिनिटांत रूपांतर करते. दुसरी वस्तू कापसाचे बोळे, पेट्रोलियम जेलीत मळलेले. बोळा पेटवायच्या आधी फाडून आतला कोरडा तंतू वर काढायचा, तो काडी धरतो आणि जेली वातीच्या तुपासारखी मागून पुरवठा करते. सायकलच्या ट्यूबचे तुकडेही भर पावसात जळतात, पण धूर काळा, घशाला लागणारा. अन्न शिजवायच्या जाळात मी ते घालत नाही. पेट्रोल शिंपडून काडी टाकणाऱ्याबद्दल काही लिहायचं नाही, त्यांची भुवई पाहिली की कळतं.

जंगलवाटेवर सगळं भिजलेलं असतं तेव्हा जमिनीवर पडलेलं लाकूड उचलू नका, उभ्या झाडाला किंवा झुडपात अडकलेली वाळकी फांदी घ्या. मोडताना कट्‌ असा आवाज आला पाहिजे. वाकली तर टाकून द्या. मनगटाएवढं लाकूड उभं चिरलं की आत कोरडं निघतं, त्या गाभ्याच्या ढलप्या काढा. सुरीनं ढलपीवर पातळ पापुद्रे सोलत जा, ते तोडायचे नाहीत, तळाशी चिकटलेले ठेवायचे, नारळाच्या तुऱ्यासारखे. अशा दोन ढलप्या म्हणजे एक काडी वाचली.

रचताना पहिला ढीग सैल. दाबून भरलेल्या गुंडाळीत हवा नसते, ती धुमसते. त्यावर काटक्या तिरक्या, वाऱ्याच्या बाजूला तोंड उघडं. आता वाऱ्याकडं पाठ करून बसा, गुडघे जवळ घ्या, अंगाचा आडोसा करा आणि काडी उघड्या तोंडातून ढिगाच्या खालच्या कडेला लावा, माथ्यावर नाही. पहिल्या मिनिटात फुंकू नका. ज्योत काटक्यांना चाटायला लागली की फुंकणीनं, नाहीतर तोंड जमिनीलगत नेऊन, लांब आणि हलकी फुंकर. पुढची ओली लाकडं जाळाच्या कडेला उभी करून ठेवा, ती वाळत राहतात.

काड्या भिजल्याच असतील तर ज्या फक्त सादळल्यात त्या कोरड्या कापडात गुंडाळून काखेच्या बाजूच्या खिशात तासभर ठेवा, किंवा ऊन मिळालं तर उन्हात पसरा. तव्यावर, चुलीच्या कडेला, गाडीच्या इंजिनावर वाळवू नका. सगळ्या एकदम पेटतात.

पुराच्या पिशवीत

पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांना इशारा आणि ४३ ला धोका, हे आकडे कोल्हापुरात पोरंही पाठ सांगतात. २००५, २०१९ आणि २०२१ नंतर नदीकाठच्या घरांत कागदपत्रांची पिशवी आधीच भरलेली असते. तिच्यात काडेपेटी सापडत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये शिरोलीपाशी महामार्ग पाण्याखाली गेला तेव्हा आम्ही नातेवाइकांच्या वरच्या मजल्यावर आठ माणसं होतो. वीज नाही, सिलिंडरचा भरवसा नाही, आणि घाईत उचलून आणलेली पेटी स्वयंपाकघरातल्या ओल्या कट्ट्यावर राहिल्यामुळं पट्टी पार गेलेली. तिसऱ्या दिवशी शेजारच्या गच्चीवरून दोरीला बांधून आलेल्या पिशवीत दूध होतं आणि सोबत कागदात गुंडाळलेल्या सात काड्या आणि पट्टीचा तुकडा. ज्यानं पाठवलं त्याला पट्टीची गोष्ट माहीत होती.

पिशवीत ठेवायचं ते एवढं: मेण चढवलेल्या तीस काड्या डबीत, दोन सुट्या पट्ट्या, चार जाड मेणबत्त्या, कापराची डबी, एक लायटर. मुलांच्या हाताला लागणार नाही अशा उंच जागी.

पाणी ओसरून घरात पाऊल टाकाल तेव्हा मात्र ही पिशवी उघडायची नाही. टॉर्च वापरा. सिलिंडर वाहत्या पाण्यात आपटलेला, नळी सुटलेली असू शकते. एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळं ती जमिनीलगत, मोरीत, जिन्याखाली साठते आणि नाकाच्या उंचीवर वास यायला वेळ लागतो. दारं-खिडक्या सताड उघडा, रेग्युलेटर बंद करा, दिव्याचं बटण चालू किंवा बंद काहीच करू नका. वास येत असेल तर बाहेर येऊन १९०६ ला फोन लावा. गळती शोधायची तर साबणाच्या पाण्यानं, काडीनं कधीच नाही. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून कपडे वाळवत झोपणं हाही दर पावसाळ्यातला प्रकार आहे. कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग, झोपलेला माणूस उठत नाही. शेगडी बाहेर उघड्यावरच, खिडक्या उघड्या ठेवल्या तरी खोलीत नको. तंबूतही तेच.

कुठं पेटवायचं नाही

राधानगरी अभयारण्यात, दाजीपूरच्या जंगलात जाळ करू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ चं कलम ३० अभयारण्यात आग लावायला आणि धोका होईल असा जाळ करायला मनाई करतं, आणि कायदा नसता तरी फेब्रुवारीनंतरचं वाळकं गवत एका इंगळावर डोंगर पेटवून देतं. गडावरच्या बांधकामात, तटाला टेकून, कोठाराच्या आत चूल मांडायची नाही. पन्हाळा २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला, पण दगडावर चढलेली काजळी त्याच्या आधीपासूनची आहे आणि ती निघत नाही. गावात मुक्काम असेल तर घरच्यांना विचारून त्यांचीच चूल वापरा, जळणाचे पैसे द्या.

जाळ विझवताना पाणी ओता, काठीनं ढवळा, पुन्हा ओता. मग हाताची पालथी बाजू राखेजवळ न्या. धग लागली तर अजून पाणी. जळकी काडी मोडून ओल्या मातीत खोचा. भाजलंच तर वीस मिनिटं वाहतं साधं पाणी, टूथपेस्ट नाही, हळद नाही.

मृग लागायच्या आधीच्या रविवारी मी सगळ्या डब्या उघडतो. प्रत्येकीतल्या दोन काड्या ओढून बघतो, सिलिका जेल बदलतो, पट्ट्या नव्या कापतो. गेल्या वर्षीच्या काड्या वाया घालवायच्या नाहीत म्हणून त्या आईच्या देवघरात जातात, आणि मेणाचा थर जाड असलेली एखादी निघाली की निरांजन लागेपर्यंत तिच्याकडून ऐकून घ्यावं लागतं.